प्रसाद कोणत्या हाताने घेता?

आमचे सर नव्या माणसाला आधी नाव विचारत नसत. हातात असेल ते त्याच्या अंगावर फेकत. खडू, डस्टर, स्कूटरची किल्ली, एकदा तर अर्धं सोललेलं मोसंबं. फेकताना ओरडत, “पकड!” माणूस दचकून कुठला हात पुढं करतो ते डोळे बारीक करून बघत, मग खांद्यावरच्या शबनम पिशवीतून एक लांबडी वही काढून तीत चार शब्द लिहीत. नाव त्यानंतर विचारायचे, तेही वहीतला रकाना रिकामा राहू नये म्हणून.

मानसशास्त्रात एम.ए. करायला मी शिरोळहून कोल्हापूरला आले, त्या पहिल्या दिवशी विभागाच्या दारातच माझ्यावर खडू आला. मी झेलला. सरांनी वहीत लिहिलं आणि म्हणाले, “बस, अक्का.” पोरं हसली. मी एकवीस वर्षांची, सर पन्नाशी ओलांडलेले, डोक्यावर पुढून मागंपर्यंत टक्कल, आणि मला थोरली बहीण म्हणतायत. सर सीमेकडचे, घरात कानडी बोलणारे. त्यांच्या लेखी प्रत्येक विद्यार्थिनी अक्का आणि प्रत्येक विद्यार्थी तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. आमच्यातल्या एकीनं धीर करून विचारलं, “सर, मुली तेवढ्या थोरल्या आणि मुलं धाकटी, असं का?”

“पोरगी हितपर्यंत आली म्हंजे घरात धा जणांशी भांडून आली,” सर म्हणाले. “पोरगं नुसतं एस्टीत बसून येतंय. थोरलं कोण, सांग.”

शिकवताना सर पुस्तकातली मराठी बोलत, प्रश्न विचारताना गावाकडची. आणि विषय एकच. मेंदूचे दोन गोलार्ध, डावा आणि उजवा, आणि विद्यापीठात शिकणाऱ्या पोरापोरींत त्यातल्या कुणाचं जास्त चालतं. डावा गोलार्ध उजवा हात हलवतो आणि उजवा गोलार्ध डावा, एवढं शाळेतही शिकवतात. त्यापुढं लोकांनी जे रचलंय, की डाव्या मेंदूचा माणूस हिशेबी आणि उजव्या मेंदूचा कलावंत, ते ऐकलं की सरांचं डोकं फिरायचं. मोबाईलवर ती गोल फिरणारी बाई येते ना, अशी फिरताना दिसली तर तुम्ही या मेंदूचे, तशी दिसली तर त्या मेंदूचे, ती कुणी त्यांना दाखवली की म्हणायचे, “बाई फिरतीया, फिरू दे की. मेंदू काय भावकीतली जमीन हाय व्हय, निम्मी तुझी निम्मी माझी करून मधी बांध घालायला? मधी पूल हाय. रातंदिस वाहतूक चालू.” मग माझ्याकडं वळून, “पूल बंद पडला की काय हुतंय ते शिरोळवाल्यांस्नी इचारा.” पूर आला की आमच्याकडचे रस्ते पाण्याखाली जातात आणि नदीपलीकडची सोयरीक फोनवर सांभाळावी लागते. त्यामुळं मेंदूचं हे प्रकरण मला परीक्षेपुरतं नाही, कायमचं समजलं.

स्वतःवरही त्यांचे प्रयोग चालत. एक आठवडा घड्याळ डाव्या मनगटावर, एक आठवडा उजव्या. सम तारखेला सही उजव्या हातानं, विषम तारखेला डाव्या. त्यापायी त्यांचा रजेचा अर्ज एकदा ऑफिसातून परत आला. क्लार्क स्वतः कागद घेऊन जिना चढून आला.

“सर, सही जुळंना झालीया. एकाच हातानं करत जावा की वो.”

“कुठल्या?” सरांनी अगदी मनापासून विचारलं.

“नोकरीला लागताना केल्तासा त्याच.”

“तवा मी घाबरलोतो. दोन्ही हात थरथरत हुते,” सर म्हणाले. शेवटी अर्ज तसाच मंजूर झाला.

सरांकडं शेरे दोनच होते. ‘असू दे’ आणि ‘बरं हाय’. ‘असू दे’ म्हणजे चुकलंय, पण तुझं तुला कळेल कधीतरी. आणि ‘बरं हाय’ हे कुणी ऐकलं होतं याबद्दल विभागात वाद होता. आमच्या आधीच्या वर्षातला एक मुलगा आपल्याला मिळाल्याचं शपथेवर सांगायचा, पण नेमका त्याच वेळी सरांपुढं चहा आला होता म्हणे. तेव्हा ते चहाला म्हणाले असतील, असं बाकीच्यांचं मत. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिलं सत्रभर मला सगळीकडं ‘असू दे’ मिळत होतं आणि आपलं झकास चाललंय अशा समजुतीत मी होते.

त्याच सत्रात आरशात बघून चांदणी गिरवायचा प्रयोग झाला. टेबलावर कागद, कागदावर चांदणी, वर आडोसा. आपला हात आपल्याला दिसत नाही, दिसतं ते आरशातलं उलटं. उजव्या आणि डाव्या हातानं आलटून पालटून गिरवायचं, रेषेबाहेर पेन्सिल गेली की चूक धरायची. माझ्या डाव्या हाताच्या चुका उजव्यापेक्षा कितीतरी कमी आल्या. आता मी तर उजवी. लिहायला, जेवायला, सगळ्याला उजवी. चुका मोजणाऱ्या मैत्रिणीनं घोळ घातला असणार असं ठरवून मी जर्नलमध्ये दोन्ही रकान्यांतले आकडे गुपचूप अदलाबदल करून टाकले. सरांनी ते पान बघितलं, मला बघितलं, वही काढून काहीतरी लिहिलं आणि जर्नलवर सही ठोकली. “असू दे.”

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध. मी हट्टानं सरांचाच विषय मागितला: विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांत कुठला गोलार्ध वरचढ आहे, आणि कला, विज्ञान, वाणिज्य शाखांत त्यात फरक आहे का. मेंदू उघडून बघणं आपल्या हातात नाही, म्हणून माणूस कुठली कामं कुठल्या हातानं करतो ते विचारून अंदाज बांधायचा, अशी या अभ्यासाची जुनी रीत. त्यासाठी एक परदेशी प्रश्नावली सगळीकडं वापरतात. तीत विचारलेलं असतं, झाडू कसा धरता, काडी कशी ओढता, चेंडू कुठल्या हातानं फेकता, डबीचं झाकण कुठल्या हातानं उघडता. मला ते सगळं फार परकं वाटलं. मी म्हटलं, आपली माणसं, आपले प्रश्न. मी ते प्रश्न काढून टाकले आणि नवे घातले. भाकरी कोणत्या हाताने मोडता? प्रसाद कोणत्या हाताने घेता? ओवाळताना ताम्हन कोणत्या हाताने फिरवता? पाहुण्यांना पाण्याचा तांब्या कोणत्या हाताने देता? देवपूजा कोणत्या हाताने करता? वर्गात सगळ्यांनी वाहवा केली. आपल्या मातीतली प्रश्नावली म्हणून मी मिरवत होते.

सरांनी ती दोनदा वाचली. “चेंडू फेकायचा प्रश्न काढलास?”

“सर, आमच्याकडच्या मुली कुठं चेंडू फेकत बसतात?”

“आणि झाडू?”

“झाडू काय, कुठल्याही हातानं मारता येतो, सर. त्यात काय विचारायचं?”

“असू दे,” सर म्हणाले. मग खिशातून पेन काढून त्यांनी पहिला फॉर्म स्वतःच भरून दिला. सगळ्या प्रश्नांना खुणा केल्या आणि देवपूजेचा प्रश्न तेवढा कोरा ठेवला. गडबडीत राहिला असेल असं मला वाटलं.

फॉर्म मोबाईलवर पाठवायला त्यांनी साफ नकार दिला होता. “मोबाईलवर नुसता अंगठा नाचतोय. माणसापुढं जा, हात बघ.” मी गेले खरी, पण हात बघायचे राहूनच गेले. वर्गावर्गांतून, होस्टेलच्या पायऱ्यांवरून, कँटीनच्या टेबलांवरून चार कापडी पिशव्या भरून फॉर्म गोळा केले आणि बेरजा मांडल्या. निष्कर्ष असा स्वच्छ, की पुस्तकातही तसा बघितला नव्हता. झाडून सगळे उजव्या हाताचे. म्हणजे झाडून सगळ्यांचा डावा गोलार्ध वरचढ. शाखांत फरक नाही. मी ऐटीत शेवटचं वाक्य लिहिलं, की या भागातल्या विद्यार्थ्यांची वृत्ती तर्कप्रधान आहे.

प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. जयसिंगपूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची माझी जागा जवळजवळ ठरलेली होती, मात्र त्याच उन्हाळ्यात पदवी हातात पडायला हवी होती. वर्ष गेलं की जागा गेली. हे सगळं सरांना माहीत होतं. त्यांनी शेवटचं पान वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

“कोल्लापूरची माणसं तर्कानं चालत्यात म्हंतीस?”

“आकडे तसं म्हणतात, सर.”

“सांजच्याला मैदानावर आपल्या विभागाची मॅच हाय. जा, तर्क बघून ये. बॉल बघू नकोस. पाय बघ.”

कोल्हापुरात फुटबॉलवरून सख्खे भाऊ महिनाभर बोलत नाहीत, हे मी ऐकून होते. मैदानाच्या कडेला बसून मी पाय बघू लागले. आमच्या वर्गातला संग्राम, कसबा बावड्याचा, डाव्या बाजूनं पळत होता आणि डाव्या पायानं असा काही चेंडू मारत होता, की लोक उठून उभे राहत होते. त्याचा फॉर्म मला पाठ होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत उजवा. त्याच्या मागं खेळणारा पोरगा, तोही डाव्या पायाचा, आणि त्याचाही फॉर्म उजवा. समोरच्या संघात आणखी दोघं. मध्यंतरात संग्राम पाणी प्यायला आला तेव्हा मी त्याला गाठलं.

“संग्राम, तू डावा हाईस?”

“पायानं, व्हय.”

“आणि हातानं?”

“हातानं बी हुतो की. आईनं लाटण्यानं हाणून हाणून उजवा केला. एकदा लग्नात डाव्या हातानं जिलबी उचलली, तर आत्यानं अख्ख्या पंगतीदेखत फटका दिला.” त्यानं डोक्यावर पाणी ओतलं. “हाताकडं सगळ्या गावाचं लक्ष असतंय, अक्का. पायाकडं कोण बघतंय?”

“मग फॉर्मवर उजवा का लिहिलंस?”

“प्रसाद कुठल्या हातानं घेतोस, असं तूच इचारलंस न्हवं? डाव्या हातानं प्रसाद कोण घेतंय? तू घेतीस?”

शिट्टी झाली, तो पळाला. मी तिथंच बसून राहिले. मी निवडून निवडून तेच प्रश्न घातले होते, ज्यांचं उत्तर आमच्याकडं माणूस जन्मायच्या आधी ठरलेलं असतं. झाडूला, काडेपेटीला, चेंडूला कुणी पवित्र हात लावत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत हात खरं बोलतो. नेमके तेच मी परके म्हणून हाकलले होते. मेंदू मोजायला निघाले होते आणि चार पिशव्या भरून मोजून आणलं होतं ते सगळ्यांच्या आयांचं लाटणं.

आणि मग ती चांदणी आठवली. झाडू मी डाव्या हातानं मारते. लसूण डाव्या हातानं सोलते. नळ, कडी, काडी, सगळं डावं. माझी आई मारणारी नव्हती. लहानपणी जेवायला बसले की ती माझ्या डाव्या हातात लाकडी पळी द्यायची आणि म्हणायची, “ही धरून बस हं, सोडायची न्हाय.” मी ती पळी घट्ट धरून उजव्या हातानं जेवायची. मला तो खेळ वाटायचा. मी मैदानावरूनच आईला फोन लावला. “आई, मी डावखुरी होते का गं?”

पलीकडं मिक्सर चालू होता. तो बंद करून आई म्हणाली, “आता कुठं उकरून काढलंस ते? सरळ झालीस न्हवं?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कळंब्याला सरांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. सर पाटावर बसले होते, कपाळाला विभूती, अंगावर पंचा. डावा तळहात छातीसमोर धरलेला आणि त्या तळहातावर लिंगायत माणसाच्या गळ्यात असतं ते इष्टलिंग. उजव्या हातानं ते त्यावर पाणी घालत होते, बेलाचं पान ठेवत होते. देव डाव्या हातात बसलेला आणि उजवा हात त्याची सेवा करत असलेला. कोरा ठेवलेला प्रश्न गडबडीत राहिला नव्हता हे मला तिथं दारात उभ्या उभ्या समजलं.

पूजा आटोपून सर बाहेर आले. “माझं मूळ हितं हाय, अक्का,” तळहात पुढं करून म्हणाले. “शाळेत डाव्या हातानं पाटीवर लिवलं की मास्तर ह्येच्यावर छडी मारायचा. घरी आलो की आज्जा तसल्याच हातावर देव घेऊन बसलेला. मला उलगडंना. अजून त्येच उलगडाय लागलोय.”

मी म्हटलं, “सर, मी डावी आहे. आणि माझा प्रबंध चुकलाय. मुळातच.”

“व्हय.”

“आता काय करू?”

“हाय तसा दिलास तर कुणाला कळणार न्हाय. बाहेरनं येणारा परीक्षक बेरीज बघतोय आणि बेरीज बरोबर हाय. ठाऊक असणार दोनच माणसांस्नी, तुला आणि मला. खरं लिवलंस तर काय हुईल, ते मी सांगू शकत न्हाय. वरीस जाईल कदाचित.”

“तुम्ही काय केलं असतं?”

“प्रबंधावर नाव कुणाचं हाय?” असं म्हणून सर चहा सांगायला आत गेले.

परत येताना सिटी बसमध्ये मला जयसिंगपूरची जागा दिसत होती आणि जर्नलमधले ते अदलाबदल केलेले रकानेही दिसत होते. एकदा मी खरे आकडे मोडून समजुतीत बसवले होते. तेव्हा अजाणता केलं असं म्हणता येत होतं. आता तेही म्हणता येणार नव्हतं. विद्यापीठाच्या स्टॉपवर उतरले ती थेट क्रीडा विभागात गेले आणि एक चेंडू मागून आणला.

उरलेले सात दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वेडे आणि, सरळ सांगते, सगळ्यात अभिमानाचे. फॉर्म भरलेल्या पोरापोरींना निरोप धाडून, हाताला धरून, वडापावची लालूच दाखवून मी विभागामागच्या मोकळ्या जागेत गोळा केलं. चेंडूला लाथ मार. एका पायावर लंगडी घाल. कागदाच्या नळीतून बघ, कुठला डोळा लावतोस? आणि शेवटी खडू, “पकड!” खडू फेकायचं काम माझं. चेंडू आणायचं काम कुणाचं? दुसऱ्या दिवसापासून सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले आणि झाडीच्या कडेला जाऊन उभे राहिले. साठीकडं झुकलेला माणूस, पीएच.डी., झुडपात घुसून चेंडू काढतोय आणि ओरडतोय, “तम्मा, जोरात मार की! सकाळी खाल्लं न्हाईस व्हय?” एकदा चेंडूच्या दणक्यानं दोन मोर झाडीतून बाहेर पळाले. एक मोठे साहेब गाडीतून चालले होते, ते काच खाली करून बघू लागले. सरांनी त्यांच्याकडंही चेंडू ढकलला. “मारा, सायेब!” साहेबांनी काच वर घेतली.

डावे पाय निघाले, डावे डोळे निघाले, खडूला झडप घालणारे डावे हात निघाले. कलेत निघाले, विज्ञानात निघाले, वाणिज्यातही निघाले. प्रत्येक डाव्या हाताचं कुणी ना कुणी घरी काहीतरी केलं होतं. एकीच्या हाताला मिरची चोळली होती, एकाचा हात चड्डीच्या नाडीला बांधला होता. एक भौतिकशास्त्रातली मुलगी खडू झेलल्यावर स्वतःच्या डाव्या हाताकडं बघत राहिली आणि रडायला लागली. सरांनी झुडपातूनच विचारलं, “अक्का, अजून एक फेकू?” आणि ती हसली.

मी प्रबंधाची आधीची प्रकरणं तशीच ठेवली आणि शेवटी एक जोडलं. त्याचं नाव, ‘माझी चूक’. माझ्या प्रश्नावलीनं गोलार्ध मोजला नाही, वळण मोजलं, हे त्यात पुराव्यासकट लिहिलं. तर्कप्रधान वृत्तीचं ते ऐटबाज वाक्य मी खोडलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. शांत, नीटनेटके गृहस्थ. त्यांनी शेवटचं प्रकरण सावकाश वाचलं. सर नियमाप्रमाणं गप्प, खिडकीतून बाहेर बघत बसलेले.

“म्हणजे तुमचा मूळ निष्कर्ष चुकीचा आहे, असं तुम्हीच म्हणता?”

“हो.”

“मग तुम्हाला पदवी कशाबद्दल द्यायची?”

जयसिंगपूर गेलं असं वाटलं. पण संग्राम, ती रडणारी मुलगी, झुडपातले सर, सगळे माझ्या मागं उभे असल्यासारखे होते. मी म्हणाले, “सर, ही चूक मी केली नसती तर माझ्यामागून येणाऱ्या कुणीतरी केली असती, आणि ती बेरीज बरोबर आहे म्हणून खपली असती. आता कुणी प्रसादाचा प्रश्न विचारून मेंदू मोजणार नाही. तेवढ्याबद्दल द्या.”

परीक्षकांनी प्रबंध मिटला, पेनाचं टोपण लावलं. सर अजून खिडकीतूनच बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

गुण बेताचे मिळाले. स्वच्छ निष्कर्षवाल्यांना माझ्याहून जास्त पडले. पण पदवी वेळेत मिळाली आणि जागाही. आज मी तिथंच शिकवते, आणि जूनमध्ये पहिल्या दिवशी खडू फेकते.

परीक्षक गेल्यावर सरांनी शबनममधून ती लांबडी वही काढली, दोन वर्षांमागचं पान उघडलं आणि माझ्यापुढं सरकवलं. माझं नाव. शेजारी, पहिल्या दिवसाच्या तारखेला, ‘शिरोळ. डावी. तिला माहीत नाही.’ त्याखाली काही महिन्यांनंतरची ओळ, ‘रकाने बदलले.’ आणि त्याखाली त्या फुटबॉल मॅचच्या दुसऱ्या दिवसाची, ‘तिचं तिनं शोधलं.’

मला राग आला, खोटं कशाला सांगू? दोन वर्षं! चार पिशव्या! “सर, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगितलं का नाही?”

“सांगून काय केलं असतं? आईनं तुला उजवं शिकवलं. मी डावं शिकवलं असतं. तिच्यात आणि माझ्यात फरक काय मग?”

माझा राग पुरता गेला नव्हता. सर म्हणाले, “चल, मिसळ खाऊ.”

मागच्या गेटबाहेर एक लहानसं हॉटेल आहे. दुपारची गर्दी, भिंतीला टेकून बाकडी. मिसळ आली, ब्रेडची बशी आली, वर तर्री तरंगणारा कट आला. मी उजवा हात उचलला आणि थांबले. मग तो मांडीवर ठेवला, डाव्या हातानं ब्रेड मोडला आणि कटात बुडवला. लोकांत, चारचौघांत, आयुष्यात पहिल्यांदा. गल्ल्यावरचा मालक तिथूनच ओरडला, “ओ ताई, उजवा हात दुखतोय व्हय?”

सगळं हॉटेल माझ्याकडं बघू लागलं. माझा हात तसाच अधांतरी.

सर वळले. “पावणं,” ते म्हणाले, “आमच्यात देव डाव्या तळहातावर बसतोय. तुमच्या मिसळीनं काय घोडं मारलंय?”

मालक मोठ्यांदा हसला. “मग खावा की निवांत! ए, त्यास्नी अजून कट दे.”

मी घास उचलला. त्या हाताची सवय इतक्या वर्षांत मोडलेली. ब्रेड निम्म्या वाटेत तुटला आणि सगळा कट माझ्या नव्या ओढणीवर सांडला. सरांनी ओढणीवरचा तो लाल डाग बघितला, माझा डावा हात बघितला.

“बरं हाय,” ते म्हणाले.

मी पटकन टेबलाकडं बघितलं. चहा अजून आला नव्हता.